घाट चढलात, आता उतरणार कसे? चोर्ला-अनमोडला वरचेवर दिसणाऱ्या चुका

पावसाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की गोव्यातल्या केरीच्या पुढे, बेळगावकडे चढणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर जत्रा भरते. म्हापसा, पणजी, मडगाव, वरून बेळगाव, सगळीकडच्या दुचाक्या. आणि दरवर्षी त्याच चुका. घाट चढताना सहसा कुणाचं काही बिघडत नाही. गाडी हळू असते, सकाळची वेळ असते, डोकं ताजं असतं. जे काही व्हायचं ते उतरताना होतं, मग दुचाकीवर असा की पायी. तरी नवखा माणूस हटकून एकच विचारतो, "दादा, माझी गाडी चढेल ना?" चढेल हो. ११० सीसीची स्कूटरसुद्धा दोघांना घेऊन चढते. उतरायचं कसं, ते विचारा.

"वर हवा विरळ होते म्हणून गाडी दम टाकते" हे लडाखच्या व्हिडिओतलं ज्ञान चोर्ल्याला लावू नका. घाटमाथा ८०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा फार तर ९ टक्क्यांनी कमी. गाडी ओढत नसेल तर एअर फिल्टर तुंबलाय, क्लच घसरतोय, नाहीतर मागे बसलेल्या मित्राची सॅक जड आहे.

ब्रेक धरून उतरणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. उतार लागला की माणूस ब्रेकवर बोटं ठेवतो आणि खाली येईपर्यंत काढतच नाही. ब्रेक थोडासाच दाबलाय, गाडी हळू आहे, म्हणजे सगळं ठीक, असं त्याला वाटतं. आत ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक धरणारी अस्तरं, तापत असतात. तापले की पकड जाते. लिव्हर दाबली जाते, गाडी मात्र थांबत नाही.

एका पावसाळ्यात, खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागतं त्या टप्प्यावर, दोन पोरं स्कूटर बाजूला घेऊन उभी होती. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची. दोघांच्या पाठीवर सॅक, तिसरी पायाशी. जवळ जायच्या आधीच जळका वास आला. एकजण बाटलीतलं पाणी मागच्या चाकाच्या ड्रमवर ओतत होता, चर्र आवाज येऊन वाफ निघत होती. मी आधी बाटली काढून घेतली. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर गार पाणी ओतलं तर धातू वाकतो, तडकूही शकतो. मग डावी लिव्हर दाबून बघितली. ती थेट हँडलला टेकली.

"अर्धा तास बसा. चहा प्या, फोटो काढा, काही करा, पण गाडीला हात लावू नका."

"दादा, साखळीला जेवायचंय. उशीर झाला तर मिळणार नाही."

दहा मिनिटांत निघालेच. दोन वळणं खाली, डोंगराच्या बाजूच्या गटारात पुन्हा भेटले. एकाचं कोपर सोललेलं, आरसा मोडलेला, पुढचा मडगार्ड टायरला घासतोय. गटार डोंगराच्या बाजूला होतं हे त्यांचं नशीब. जेवण अर्थातच हुकलं.

माझी पद्धत साधी आहे. ज्या गिअरमध्ये तो उतार मी चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरतो. बहुतेक ठिकाणी दुसरा, तीव्र वळणाला पहिला. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही, नीट दाबून, आणि मग पूर्ण सोडून. वळणात ब्रेक नाही. ब्रेक सोडलेला असतो तेवढ्या वेळातच तो निवतो.

स्कूटरला गिअर नाहीत, पण थ्रॉटल सोडल्यावर इंजिन थोडं धरतं. मात्र वेग फारच कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळायला लागते. तेव्हा किंचित थ्रॉटल दिला की क्लच परत पकडतो. हे न कळल्यामुळे लोक जितके घाबरून हळू जातात तितका सगळा भार ब्रेकवर पडतो. स्कूटरने उतरताना मी मध्ये दोनदा थांबतोच. घाई असणाऱ्याने स्कूटरने घाट करू नये.

भाड्याची गाडी घेताना लिव्हर किती आत जाते, टायरची नक्षी, हॉर्न आणि हेडलाइट दुकानासमोरच बघा. ती गोव्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, तेही तिथेच विचारा. चोर्ल्याला हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही.

न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणे

वाचत नाही. २०२० नंतरच्या गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या. गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की त्या पेट्रोलच बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे दोन पैसे वाचवायला इंजिनाचा ब्रेक घालवायचा, आणि ते दोन पैसेही जायचे.

धुकं, गवे आणि बाकीचं

धुक्यात हाय बीम लावू नका. प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. लो बीम, कमी वेग, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. चालत्या गाडीवर चारही इंडिकेटर लावून जाणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. तुम्ही कुठे वळणार, ते मागच्याला कसं कळायचं?

गवा रस्त्यात दिसला तर थांबा. हॉर्न नको, लाइट मारणं नको. एक गेला म्हणून निघू नका, मागे कळप असतो.

काणकोणच्या रस्त्यावरच्या करमल घाटात ट्रकला वळणावर ओव्हरटेक करू नका. एवढं सांगायची वेळ येऊ नये.

मोल्याहून बेळगावकडे चढणाऱ्या अनमोड घाटाला निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. २०२५ च्या पावसात तिथे रस्त्याची कड खचली होती.

दूधसागरला रुळांवरून चालत जाणं गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही. कुळे ते कॅसलरॉक हा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर वर, मालगाड्यांना मागूनही इंजिनं लावावी लागतात. चढणारी गाडी त्या आवाजाने कळते तरी. पण उतरणारी गाडी पावसाच्या आणि धबधब्याच्या आवाजात ऐकूच येत नाही, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. २०२३ च्या जुलैत तिथे पोलिसांनी पोरांना उठाबशा काढायला लावल्या, त्यावर लोक हळहळले. मी नाही.

पायवाट मोबाइलवर बघून निघणे

गोव्यातून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटा बऱ्याच आहेत. इथलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून वर जायचं. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ एवढ्या आडरानात कसं, असं लोक विचारतात. तेव्हा ते आडरान नव्हतं, घाटावरची वाट तिथूनच जायची. पण डांबरी रस्ते आले आणि या वाटा रानाने गिळल्या. कुणीतरी जानेवारीत चालून अॅपवर टाकलेली रेघ जुलैत तुमच्या उपयोगाची नाही. दाट झाडीत, कड्याखाली ठिपका भलतीकडेच सरकतो. शिवाय गुरांच्या वाटा माणसाच्या वाटेसारख्याच दिसतात. त्या फाटतात, परत जुळतात आणि शेवटी गवतात नाहीतर पाण्यावर जाऊन संपतात. जुन्या वाटेवर झिजून गुळगुळीत झालेले दगड सापडतात. बराच वेळ तसा दगड दिसला नाही तर मागे फिरा. पुढे जाऊन "कुठेतरी लागेल" म्हणू नका.

सत्तरी तालुक्यातल्या एका वाटेवर ओळखीच्या ऑफिसातली मंडळी निघाली होती. मी होतो, आणि गावातले एक काका. आठची वेळ ठरलेली, दहाला चालायला सुरुवात. सकाळी जो व्हाळ, म्हणजे ओढा, घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला, तिथे परत यायला चार वाजले. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, वर माथ्यावर काळं झालेलं. काका पाण्याकडे बघत उभे राहिले.

"पुता, उदक तांबडें जालें. आतां राव." म्हणजे पाणी तांबडं झालं, आता थांब.

पाणी अजून गुडघ्याखालीच होतं, पण रंग बदललेला. पाला आणि बारीक काटक्या वाहत येत होत्या. कान दिला तर तळातून दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. ग्रुपच्या म्होरक्याला पटेना. "एवढंसं तर पाणी आहे, हात धरून जाऊ." त्याने काठी टेकवून एक पाय आत घातला, काठी हातातून निसटून गेली आणि तो मागे बसला. पाव तासात तिथे कमरेवर पाणी आलं.

घाटातले व्हाळ आखूड आणि तीव्र उताराचे. माथ्यावर पडलेला पाऊस बघता बघता खाली येतो, आणि थांबला की तसाच ओसरतो. म्हणून उपाय एकच, बसून राहणं. दोनेक तासांत पाणी उतरलं. पण तोवर रानात अंधार. सात जणांत टॉर्च दोन, बाकीच्यांकडे मोबाइल, तेही रील काढून अर्धे संपलेले. सकाळी पाऊण तासाची असलेली वाट उतरायला रात्रीचे नऊ वाजले.

तेव्हापासून माझ्याबरोबर यायचं तर दुपारी बाराला, जिथे असू तिथून, मागे फिरायचं. माथा राहिला तर राहिला. ज्यांना हे पटत नाही त्यांनी दुसरा सोबती बघावा. गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. तीनशे रुपये वाचवायला वाट हुकवणारे हेच लोक परत येऊन दोन हजारांच्या बुटांबद्दल सल्ले देतात.

म्हादई, मोले, नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत पायी फिरायला परवानगी लागते, आणि पावसात धबधब्यांवर मनाई येते ती वेगळी. वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी विचारा. "आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो" ही परवानगी नव्हे.

जळवांना लोक भितात. त्या रक्त पिऊन गळून पडतात, रोग देत नाहीत. भ्यायचं ते गोचिडीला. डिसेंबर ते मे हा तिच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा हंगाम, आणि २०१५ पासून सत्तरीत तो होऊन गेलाय. लांब पँट, तिचं टोक मोज्यात खोचलेलं. पालापाचोळ्यात अंग टाकू नका, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन खात्याला कळवा. घरी आलात की कपडे गरम पाण्यात, आणि आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यांमागे नीट बघा. पुढच्या आठवड्यात कणकणून ताप भरला तर गोळी घेऊन पडून राहू नका. डॉक्टरांकडे जा आणि कुठल्या रानात, कुठल्या तारखेला गेला होतात ते आपणहून सांगा.