गिझरचा सॉकेट तापत होता, कारण निघालं सैल स्क्रू

२००० वॅटचा गिझर दहा मिनिटं चालला की १६ अँपिअरचा सॉकेट हात लावू नये इतका तापायचा, जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. प्लग बदलला, एमसीबीही (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) बदलला. महिना फुकट गेला.

शेवटी वायरमनने मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली, प्लेट उघडली. फेजचा (वीज येणाऱ्या तारेचा) स्क्रू सैल, तांब्याची तार काळी पडलेली. (सैल जोडावर रोध वाढतो, तिथेच उष्णता.) काळा भाग कापून तार नव्याने सोलली, नवा १६ अँपिअरचा सॉकेट बसवला, तिन्ही स्क्रू घट्ट आवळून तारा ओढून पाहिल्या. आधी बदललेल्या प्लगची पिन काळवंडली असती तर तोही पुन्हा बदलावाच लागला असता. आता अर्ध्या तासानंतरही सॉकेट जेमतेम कोमट.