बाळंतपणानंतर पाळी परत कधी येते, कशी ओळखायची आणि त्याआधी काय करायचं

बाळाच्या जन्मतारखेपासून मोजून कॅलेंडरवर दोन खुणा करून ठेवा. एक, आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस पूर्ण होतात त्या तारखेला. दुसरी, बाळाला सहा महिने पूर्ण होतात त्या तारखेला. दोन्हीचा उपयोग पुढे आहे.

पहिले ४ ते ६ आठवडे अंगावरून जातं ती पाळी नव्हे. वार सुटल्यावर गर्भाशयात जखम राहते, ती भरून येतानाचा हा स्राव. सीझर झालं असलं तरी तो होतोच. पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहा-बारा दिवसांपर्यंत गुलाबी-तपकिरी, नंतर पिवळसर-पांढरा. बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ येते आणि स्राव वाढतो, कारण दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन गर्भाशयही आवळतं. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रंग पुन्हा लाल दिसू शकतो. वारेच्या जागेवरची खपली सुटते तेव्हा असं होतं, आणि ते तास-दोन तासांत ओसरायला हवं.

तासाभरात मोठं पॅड पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास तसंच चाललंय, लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या पडताहेत किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ‘पाळी आली असेल’ म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ताप, ओटीपोटात वाढतं दुखणं, स्रावाला घाण वास ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. त्याच दिवशी दवाखाना गाठा. वारेचा तुकडा आत राहिला असला तरी असा रक्तस्राव होतो, आणि तो बाळंतपणानंतर कित्येक आठवड्यांनीही होऊ शकतो.

खरी पाळी कधी येईल हे मुख्यतः पाजण्यावर ठरतं. बाळ अंगावर पीत नसेल तर बहुतेकींना ६ ते १२ आठवड्यांत येते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं राहतं, बाळाच्या चोखण्याने मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबतो आणि बीज तयार होत नाही. म्हणून काहींची पाळी सहा महिने, काहींची वर्षभर किंवा त्याहून जास्त येत नाही. यात आजार काही नाही. उष्टावण झालं, वरचं खाणं वाढलं, बाळ रात्री सलग झोपू लागलं की पाळी परतते. काहींना मात्र पूर्ण अंगावर पाजूनही लवकर येते. त्यावरून दूध कमी आहे असा निष्कर्ष काढू नका.

‘अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ हे घरोघरी सांगितलं जातं, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. ते तीन अटी एकत्र पाळल्या तरच खरं आहे: पाळी आलेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, आणि बाळाला फक्त अंगावरचंच दूध मिळतंय. दिवसा दोन पाजण्यांत ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. नीट पाळलं तर संरक्षण ९८ टक्क्यांहून जास्त मिळतं. पण रात्री दहाला पाजलं आणि बाळ थेट पहाटे पाचला उठलं, की सात तास झाले. एखाद्या रात्रीने लगेच बिघडत नाही, रोजचंच झालं तर या पद्धतीवर विसंबू नका. नोकरीवर रुजू होऊन पंपाने दूध काढून ठेवणाऱ्यांनीही सावध राहावं, कारण पंपाला बाळाच्या चोखण्याची सर येत नाही.

पहिली खूण इथे कामाला येते. पूर्ण अंगावर पाजत असताना ५६ दिवसांच्या आत थोडं लाल दिसलं तर ते पाळीत धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त गेलं, तर पाळी परत आली असं समजा. दुसऱ्या खुणेला, पाळी आली नसली तरी, ही पद्धत संपली.

बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पहिली पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. अंगावर न पाजणाऱ्यांना तर चौथ्या आठवड्यापासूनच. म्हणून गर्भनिरोधनाचं पाळीची वाट न पाहता ठरवा. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, ते जमलं नाही तर सहा आठवड्यांनंतर. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, अंगावर पाजत असाल तर सहा आठवड्यांनंतर सुरू. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं, आशाताईंना विचारा. अंतराने पाळी अनियमित होते किंवा थांबते, छायाने लांबते, तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. हे आधी माहीत असलं की घाबरून मध्येच सोडलं जात नाही. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या अंगावर पाजताना पहिले सहा महिने टाळतात.

पहिल्या दोन-तीन पाळ्या पूर्वीसारख्या नसतात. कधी रक्त जास्त, कधी दोनच दिवस, मधलं अंतर २५ दिवस तर पुढच्या वेळी ४५. दूध एक-दोन दिवस कमी वाटतं, बाळ कुरकुरतं. पाळीतलं दूध बाधत नाही, पाजणं बंद करू नका, उलट जास्त वेळा घ्या. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पॅड किंवा स्वच्छ कापडच वापरा, कप किंवा टॅम्पॉन नको. कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवा, आडोशाला दमट राहिलं की जंतू वाढतात.

रक्त पुन्हा जायला लागणार म्हणून लोहाच्या गोळ्या १८० दिवस पूर्ण करा, रोज एक. जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं. चहाने अडतं, कॅल्शियमनेही अडतं, म्हणून कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्या.

अंगावर पाजत नसताना तीन महिन्यांत, किंवा पाजणं थांबवून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर आधी सकाळच्या पहिल्या लघवीवर घरीच गर्भचाचणी करा. ती नकारार्थी असेल तर डॉक्टरांना भेटा. प्रसूतीत खूप रक्त गेलं होतं, दूध उतरलंच नाही आणि सतत थकवा, थंडी वाटते, असं असेल तर तीन महिनेही थांबू नका. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाल्याची ती लक्षणं असू शकतात. प्रसूतीनंतर पिशवी साफ केली होती का, हेही आवर्जून सांगा. त्यानंतर आतले थर एकमेकांना चिकटूनही पाळी थांबते. जाताना प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड आणि रक्तस्रावाच्या तारखा घेऊन जा.