हलक्या लॅपटॉपवर रोजचे काम आणि विरंगुळा

सव्वा किलोच्या आत वजन असलेला, तेरा-चौदा इंची पडद्याचा लॅपटॉप हाती आला की सुरुवातीला फक्त त्याचे हलकेपण जाणवते. बाकीच्या गोष्टी हळूहळू ध्यानात येतात: जोडण्या (पोर्ट) दोनच आहेत, व्हिडिओ कॉल लांबला की तळ तापतो, मेमरी पुढे वाढवता येणार नाही. यांना सरसकट दोष म्हणणे बरोबर होणार नाही, कारण वजन कमी करायचे तर ते कुठून तरी काढावे लागते. बॅटरी लहान करून, पंखा बारीक करून किंवा काढूनच टाकून, जोडण्या घटवून आणि मेमरीच्या चिपा मदरबोर्डवर कायमच्या डाखून ते काढले जाते. आपल्या यंत्रात ते नेमके कुठून काढले आहे हे कळले, की त्याच्याकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते दुसऱ्या यंत्रावर न्यावे हे ठरवणे सोपे जाते.

या देवघेवीची दोन टोके सुरुवातीलाच दिसली होती. २००७ साली आलेल्या असुसच्या पहिल्या ईई पीसीमध्ये ७ इंची पडदा, ८०० × ४८० बिंदू आणि अवघी ४ जीबी साठवण होती. तिथे वजनाबरोबर किंमतही उतरवायची होती, त्यामुळे कीबोर्डसुद्धा आकसला. जानेवारी २००८मध्ये ॲपलने दाखवलेल्या मॅकबुक एअरमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता आणि यूएसबीची जोडणी एकच होती, पण पडदा व कीबोर्ड पूर्ण आकाराचे होते. आजची बहुतेक हलकी यंत्रे या दुसऱ्या वाटेने आली आहेत: जिथे हात आणि डोळे लागतात तिथे काटकसर नाही, ती पोटात केलेली आहे.

म्हणून आधी पोटात काय आहे ते पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी निवडली आणि फॉर्म फॅक्टरसमोर ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले, तर मेमरी बोर्डवर डाखलेली आहे आणि जेवढी आहे तेवढ्यावरच यंत्राचे आयुष्य काढायचे आहे असे समजावे. अजून खरेदी व्हायची असेल तर माझा स्पष्ट सल्ला असा, की प्रोसेसरची एक पायरी सोडावी पण मेमरी १६ जीबीच घ्यावी. ८ जीबीमध्ये ब्राउझरचे बरेचसे टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक मोठी एक्सेल फाइल एकाच वेळी उघडली की यंत्र चाचपडू लागते, कारण मेमरीत न मावणारा भाग त्याला सतत एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या चिपांवर, टाकावा आणि परत आणावा लागतो. ज्यांच्याकडे ८ जीबीचे यंत्र आधीच आहे त्यांनी एज किंवा क्रोममधील न वापरलेले टॅब झोपवणारी सोय चालू ठेवावी आणि यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारी ॲप्स एकेक करून बंद करावीत. साठवणीचे मात्र एवढे अडत नाही. बाहेरची छोटी एसएसडी फोटो आणि चित्रपट सांभाळते, आत थोडी जागा मोकळी राहिली म्हणजे झाले.

बॅटरीचा हिशेब

हलक्या लॅपटॉपच्या वापरात सर्वाधिक गैरसमज बॅटरीविषयी आहेत. खोक्यावर ‘१५ तास’ असे लिहिलेले असते, प्रत्यक्षात सहा तास मिळतात, आणि आपली फसवणूक झाली असे वाटते. हा आकडा बहुतेक वेळा कमी उजेडात व्हिडिओ चालवून किंवा साधी वेबपाने उघडून काढलेला असतो, त्यामुळे तो आपल्या कामाला लागू पडत नाही. त्याऐवजी स्वतःचा हिशेब मांडावा. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये दिलेली असते. या आकाराच्या यंत्रात ती बरेचदा ४० ते ६०च्या दरम्यान असते. समजा ती ५० आहे. लिहिताना किंवा वाचताना यंत्र साधारण ६ वॉट घेत असेल तर आठ तास मिळतील, आणि व्हिडिओ कॉलवर तेच १२ वॉट घेऊ लागले तर चारच. त्याच बॅटरीवर, त्याच दिवशी. तासांची तुलना करण्यापेक्षा वॉट कुठे जात आहेत हे पाहणे म्हणूनच जास्त उपयोगाचे ठरते, आणि ते बहुतेक तीन ठिकाणी जातात: पडद्याचा उजेड, कॅमेरा चालू ठेवून केलेले कॉल, आणि मागच्या बाजूला जाहिराती व व्हिडिओ चालवत बसलेले टॅब. ज्या खोलीत दिवा पुरेसा आहे तिथे उजेड निम्म्यावर आणला तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही, बॅटरीला मात्र जाणवतो.

बॅटरी किती झिजली हेही मोजता येते. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल तयार होतो; त्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता अशा दोन ओळी असतात. मूळ ५०,००० मिलिवॉट-अवर आणि सध्याची ४१,००० असेल, तर १८ टक्के झीज झाली. मॅकवर हीच माहिती बॅटरीच्या सेटिंगमध्ये टक्क्यांत दिसते. झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग आपल्या हातात असतो. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत दीर्घ काळ राहणे. दिवसभर टेबलावर चार्जर लावूनच काम होत असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सोय चालू करावी. ती बहुतेक कंपन्या आपापल्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) देतात. प्रवासाच्या आदल्या रात्री ती उठवून बॅटरी पूर्ण भरावी. यंत्र महिनाभर वापरायचे नसेल तर बॅटरी निम्म्यावर आणून, पूर्ण बंद करून, थंड जागी ठेवावे. ‘महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा’ हा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्याने या बॅटरीचे भले होत नाही.

झाकण बंद केले म्हणजे यंत्र झोपले, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. अलीकडच्या अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यानंतरही यंत्र फोनसारखे अर्धजागे राहते, मेल आणते, कधी अपडेटही उतरवून घेते. टेबलावर त्याने काही बिघडत नाही. बॅगेत, जिथे हवा खेळत नाही, तिथे ते तापते, आणि मुक्कामी पोचल्यावर गरम लॅपटॉप व रिकामी बॅटरी हातात येते. यावर उपाय साधा आहे: पॉवरच्या पर्यायांत जाऊन झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावे, म्हणजे चालू काम साठवणीत ठेवून यंत्र पूर्ण बंद व्हावे, असे ठरवून ठेवावे. पुन्हा उघडताना काही सेकंद जास्त लागतात, तेवढे सोसावेत.

चार्जर, केबल आणि हब

लॅपटॉप एक किलोचा आणि सोबतचा सरंजाम तेवढाच जड, अशी गत अनेकांची होते. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॉटचा एक गॅलियम नायट्राइड (आकाराने लहान पण ताकदीचा) चार्जर लॅपटॉप, फोन आणि इयरफोन या तिघांना पुरतो, आणि मूळ चार्जर कायमचा टेबलाशी ठेवता येतो. केबल मात्र पारखून घ्यावी, कारण यूएसबी-सीची टोके सारखी दिसत असली तरी आतली तारजोड सारखी नसते. चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबली चार्जिंगला उत्तम असतात, पण माहिती यूएसबी २च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिटनेच नेतात आणि मॉनिटरपर्यंत चित्र पोचवतच नाहीत. मॉनिटर लागत नाही म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून पाहावी. लॅपटॉपची जोडणीही चित्र पाठवणारी आहे ना, हे माहितीपत्रकात पाहावे. सगळ्याच यूएसबी-सी जोडण्या तशा नसतात.

विमानप्रवासात पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते, आणि १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा परवानगीशिवाय चालते. २०,००० मिलिॲम्पिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे या मर्यादेत बसते.

लहान पडदा, मान आणि मनगट

तेरा इंची पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी लावून काम करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. दोन्ही खिडक्या इतक्या अरुंद होतात की वाचण्यापेक्षा सरकवण्यातच वेळ जातो. त्यापेक्षा प्रत्येक कामाला पूर्ण पडदा द्यावा आणि कामांची अदलाबदल कीबोर्डवरून करावी. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्या की नवा डेस्कटॉप उघडतो, आणि डीऐवजी डावा-उजवा बाण दाबला की एकावरून दुसऱ्यावर जाता येते. एकावर लेखन, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर गप्पा आणि मेल अशी वाटणी केली की पडदा लहान असल्याचे फारसे जाणवत नाही. मराठी आणि इंग्रजी कीबोर्डची अदलाबदलही विंडोज आणि स्पेस दाबून होते, त्यासाठी कोपऱ्यातल्या चिन्हापर्यंत जावे लागत नाही. अक्षरे बारीक वाटत असतील तर डोळे ताणू नयेत, सेटिंगमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. देवनागरीच्या मात्रा, रफार आणि जोडाक्षरे छोट्या आकारात लवकर चिकटतात, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला हा बदल विशेष सुखाचा होतो.

लॅपटॉप कोणताही असो, पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हात नीट ठेवले तर मान वाकते, आणि मान सरळ ठेवली तर खांदे वर चढतात. तासाभराच्या कामाला चालते, पण रोज आठ तास बसायचे असेल तर यंत्र स्टँडवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि वेगळा कीबोर्ड व माउस घ्यावा. घरी एखादा मॉनिटर असेल तर हबची (एका जोडणीच्या अनेक जोडण्या करणाऱ्या डबीची) एकच केबल लावून टेबलावरचा सगळा जामानिमा जोडता येतो.

खेळ आणि चित्रपट

हलक्या यंत्रात बहुधा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरमधलाच भाग चित्र काढतो आणि त्यासाठी मुख्य मेमरीतून वाटा घेतो. नवे, मोठे गेम पूर्ण तपशिलात चालवण्याचा हट्ट धरू नये. बुद्धिबळ, कोडी, द्विमितीय गेम आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचे गाजलेले गेम मजेत चालतात. त्याहून जड काही खेळायचे असल्यास गेमचे रिझोल्यूशन १२८० × ८०० किंवा १२८० × ७२०वर आणावे आणि फ्रेमची मर्यादा सेकंदाला ३० ठेवावी. ही मर्यादा घालण्यामागे कारण आहे. पहिली काही मिनिटे यंत्र पूर्ण जोराने धावते, मग तापते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. खेळ अचानक अडखळू लागतो तो यामुळे. सुरुवातीपासून कमी मागितले तर शेवटपर्यंत तेवढे मिळत राहते. बिनपंख्याच्या यंत्रांना हे अधिक लागू आहे, आणि व्हिडिओ संपादनासारख्या लांबलचक कामांनाही. गादीवर किंवा मांडीवरच्या पांघरुणावर ठेवून खेळू नये, कारण हवा आत घेण्याच्या फटी बऱ्याचदा तळाशीच असतात.

दूरच्या सर्व्हरवर गेम चालवून नुसते चित्र इथे आणणाऱ्या सेवा या यंत्रांना चांगल्या मानवतात, पण त्यांना स्थिर इंटरनेट लागते. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊसाठी ७२०पी चित्राला सेकंदाला १५ आणि १०८०पीला २५ मेगाबिट असा वेग सांगितलेला आहे. चित्रपटांची गोष्ट सोपी आहे. प्रवासाआधी ते उतरवून घ्यावेत आणि पाहताना वाय-फाय बंद ठेवावे.

हाताळणी

पातळ झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असेल तर ती मोडावी. बोट कोपऱ्याला लागले की सगळा ताण एकाच बिजागरीवर जातो आणि पडद्याचा काचपट्टा किंचित पिळला जातो. वरच्या कडेच्या मध्यावर धरून उघडले की दोन्ही बिजागऱ्या सारख्या फिरतात. मिटण्याआधी कीबोर्डवर पेन किंवा इयरफोन राहिला नाही ना हे पाहावे, कारण आत फटच उरत नाही. कॅमेऱ्यावर चिकटवायच्या सरकत्या झाकणाने पडदा तडकू शकतो, असा इशारा ॲपलने २०२० साली दिला होता. काही लावायचेच असेल तर ते ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे छपाईच्या साध्या कागदापेक्षा जाड नसावे असे त्यात सांगितले होते.

जे यंत्र सहज उचलता येते ते सहज हरवते आणि चोरीलाही जाते, म्हणून डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू ठेवावे आणि त्याची रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा राखीव क्रमांक) त्याच लॅपटॉपवर न ठेवता अन्यत्र लिहून ठेवावी. काही यंत्रांत साठवणसुद्धा बोर्डवर डाखलेली असते. अशा यंत्राचा बोर्ड गेला तर फायली काढणे जवळपास अशक्य होते, तेव्हा बाहेरच्या डिस्कवर प्रत घेण्यात चालढकल करू नये.

काही वर्षांनी टचपॅडची कळ दाबायला अचानक कडक लागू लागली, तळ टेबलावर सपाट टेकेनासा झाला किंवा मिटलेले झाकण एका बाजूने उचललेले दिसले, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून पाहण्याचा प्रयत्न करू नये, आणि बॅटरी दुरुस्ती केंद्रातूनच बदलून घ्यावी. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.