व्हीलचेअर बोटीत चढवताय? आधी उतरायचं बघा

सगळ्यात आधी परतीची वेळ. निघायचं किती वाजता हे नंतर. परत धक्क्याला कधी लागणार आणि तेव्हा पाणी कुठे असेल, हे आधी कागदावर लिहा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो. निघताना ऐन भरती होती. बोटीचा डेक आणि धक्क्याची कड अगदी एका पातळीत, मध्ये छोटी फळी टाकली आणि काकूंची खुर्ची दोन मिनिटांत आत. ‘उगाच घाबरत होतो,’ असं मी बोललोसुद्धा. तीन तासांनी परतलो, तर डेकवर उभं राहिल्यावर धक्क्याची कड माझ्या छातीशी येत होती. चौघांनी मिळून खुर्ची उचलली. एकाने हात टेकायच्या दांडीला धरलं होतं, ती दांडी उपसून त्याच्या हातात आली आणि खुर्ची कलली. काकूंनी माझी कॉलर घट्ट पकडली, ती वर पोचल्यावरही बराच वेळ सुटली नाही. कुणाला लागलं नाही ते नशिबाने.

तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक काढा, आणि त्याच दिवसाचं काढा. वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालच्या आठवणीवर जाऊ नका. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात, पण पाणी एका चालीने उतरत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण उताराचे 12 भाग धरले, तर पहिल्या तासात 1, दुसऱ्यात 2, तिसऱ्या-चौथ्यात 3-3, पाचव्यात 2 आणि सहाव्यात 1. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी जातं. आम्ही तिथेच सापडलो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, तेव्हा फरक सगळ्यात मोठा. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. तारीख तुमच्या हातात असेल तर भांगाची घ्या.

सोपी युक्ती सांगतो. भरतीच्या जितकं आधी चढाल, तितकंच भरतीनंतर उतरा. पाण्याची पातळी जवळपास तीच मिळते. दोन तासांची फेरी असेल तर भरतीच्या एक तास आधी निघा, एक तास नंतर परत या. जेवणात, फोटोंत उशीर होणारच, म्हणून कागदावरची परतीची वेळ अर्धा तास अलीकडची धरा आणि ती बोट चालवणाऱ्यालाही सांगा. नुसतं ‘संध्याकाळपर्यंत येऊ’ सांगून चालणार नाही.

पातळीवरून एवढा आरडाओरडा का, तर उतारामुळे. व्हीलचेअरसाठी मान्य उतार 1:12. म्हणजे 25 सेंटीमीटरच्या फरकाला 3 मीटर फळी लागते. दीड मीटरला 18 मीटर. एवढी फळी कोण बाळगतं? तरंगती जेट्टी असेल तर बोट आणि जेट्टी बरोबरच खालीवर होतात, तिथलं अंतर तेवढंच राहतं, पण किनाऱ्यावरून जेट्टीवर उतरणारा रॅम्प ओहोटीला चांगलाच खडा होतो. ‘आमची तरंगती आहे, काळजी नको,’ असं कुणी म्हणालं तर त्याला ओहोटीच्या वेळी त्या रॅम्पवर रिकामी खुर्ची ढकलायला लावा. तलावात भरती नसते, नदीत मात्र वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी बदलते, चौकशी करा. आणि पायऱ्यांचा धक्का असेल तर भरतीच्या रेषेखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथून कुणाला उतरवायचा विचारही नको.

आता माणसं. ज्यांना चढवायचंय त्यांनाच विचारा, शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाला नको. मिनिटभर उभं राहता येतं का, कोणती बाजू भक्कम, घरी पलंगावरून खुर्चीत कसे जातात, पायाला संवेदना आहे का. शेवटचा प्रश्न आगाऊ वाटतो, पण उन्हात तापलेल्या लोखंडी डेकवर पाय भाजत असेल आणि कळतच नसेल, तर तुम्हालाच बघावं लागणार. खुर्चीचं वजनही विचारा. साधी खुर्ची दोघे उचलतात. बॅटरीची रिकामीसुद्धा 100 किलोच्या पुढे जाऊ शकते, ती उचलायचा बेतच करू नका आणि फळी तेवढा भार घेते का ते आधी पाहा.

बोट बांधणं. पुढचा-मागचा दोर सगळेच बांधतात. शिवाय दोन तिरके दोर हवेत: एक बोटीच्या पुढच्या भागातून धक्क्यावर मागे जाणारा, दुसरा मागून पुढे येणारा. ते नसले की बोट धक्क्याला धरून पुढेमागे सरकते आणि फळीचं टोक बरोबर घेऊन जाते. ‘इंजिनाने दाबून धरतो, दोर कशाला?’ या बोलण्याला हसून नाही म्हणा. फळीचं एक टोक पक्कं बांधलेलं, दुसरं सरकायला मोकळं. दोन्ही कडांना उंच पट्टी. बोट आणि धक्क्यामध्ये टायर किंवा फेंडर, म्हणजे बोट आदळू नये म्हणून लावायची गादी. बोट लांब जाऊ लागली की मदतनीस हमखास पाय घालून थोपवायला जातात. बजावून ठेवा: मधल्या फटीत हात-पाय कुणाचाही जाणार नाही.

आणि हो, ही सगळी मांडणी परतीच्या पाण्यालाही चालेल का? परत उतरायचं त्याच धक्क्यावर ना? दुसऱ्यावर असेल तर तो आधी डोळ्यांनी बघून या.

लाइफ जॅकेट फळीवर पाऊल टाकण्याआधी. व्हीलचेअरवाली मंडळी गर्दीच्या आधी चढतील. गर्दी एका बाजूने चढली की बोट कलते आणि डेकही खाली बसतो. शेजारून एखादी बोट गेली तर तिची लाट येऊन जाईपर्यंत थांबा. खुर्ची उतारावर खाली न्यायची तर पाठमोरी, मदतनीस खालच्या बाजूला. वर चढवायची तर तोंड पुढे, मदतनीस मागे. मागची छोटी चाकं, खुर्ची उलटू नये म्हणून असतात ती, फळीच्या टोकाला अडकतात. आधी वर दुमडा, आत गेल्यावर आठवणीने खाली करा. उचलावीच लागली तर फक्त मुख्य सांगाड्याला धरा. दांड्या, पावदान, जे जे निघतं ते आधीच काढून ठेवा. (मला विचारा.) बॅटरीच्या खुर्चीचा मोटर सोडायचा खटका उतारावर चुकूनही फिरवू नका, ब्रेक जातात. ‘उचला’ हा शब्द एकच माणूस म्हणेल, बाकी सगळे गप्प.

काठी-कुबडीवाल्यांचं सोपं आहे. कुबडीचं रबरी बूच पुसून घ्या, एक हात कठड्याला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. ज्यांना दिसत नाही त्यांना ओढू नका. तुमचं कोपर धरू द्या आणि पायरी वर आहे की खाली, फट केवढी, ते बोला.

आत गेल्यावर: लहान बोटीत खुर्ची बोटीला बांधा, माणसाचा खुर्चीला बांधलेला पट्टा सोडा. नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. सावली, पाणी, शौचालयाच्या दाराची रुंदी, ती निघायच्या आधीच मोजलेली बरी.

उतरताना सगळं उलट क्रमाने, यांना शेवटी, गर्दी गेल्यावर. परतीच्या तासभर आधी धक्क्यावरच्या माणसाला फोन करा आणि पाणी किती पायऱ्या खाली आहे ते विचारा. फार खाली असेल तर बोट तरंगत्या जेट्टीकडे वळवा किंवा पाणी चढेपर्यंत बोटीतच बसा. डबे जास्तीचे घेतलेले असू द्या.