नाशिकहून थरच्या वाळवंटातील लहान गावांकडे, स्वतःच्या गाडीने

नाशिकहून राजस्थानला निघणाऱ्या कुटुंबांचा बेत बहुधा ठरलेला असतो. जयपूर, जोधपूर, जैसलमेरचा किल्ला, जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूवर एक रात्र, उंटावर बसून काढलेला फोटो आणि परतीचा प्रवास. या बेतात बाडमेर, रामगड, पोकरण, फलोदी, खिचन, ओसियां ही ठिकाणे गाडीच्या काचेतून मागे निघून जातात आणि वाळवंटात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली कशी, हा प्रश्न पडण्याआधीच सहल संपते. याच लहान गावांत मुक्काम करीत दहा-अकरा दिवसांत अडीच हजार किलोमीटरच्या आसपासची फेरी कशी करावी, हे येथे सांगायचे आहे. त्यासाठी एक सवय आधीच लावून घ्यावी, ती अशी की, कोणत्याही गावात पोहोचल्यावर किल्ला कोठे आहे हे विचारण्याआधी पाणी कोठून येते ते विचारावे. येवला-नांदगावकडच्या ज्या मंडळींनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न सुचवावा लागणार नाही, आणि वाळवंटातला माणूस या एका प्रश्नावर जितका मोकळेपणाने बोलतो तितका दुसऱ्या कशावरही बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सोडून अन्य वेळी या बाजूला गाडी घालू नये. फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, एवढे सांगितले तरी पुरे. भाद्रपदात शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत पोकरणजवळच्या रामदेवऱ्याला बाबा रामदेवांचा मेळा भरतो आणि त्या दिवसांत सगळे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाकडे निघालेली पायी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना गाडी किती हळू चालवावी लागेल याचा अंदाज येईल. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असल्या तरी त्याच आठवड्यात सगळा गुजरातही जैसलमेरला आलेला असतो, म्हणून शक्य झाल्यास जानेवारी धरावा. द्राक्षबागायतदारांनी मात्र आपल्या बागेचे वेळापत्रक पाहूनच तारीख काढावी. आमच्या गाडीतले एक बागायतदार बाडमेरच्या बाजारात उभे राहूनसुद्धा फोनवर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या फवारणीचे बोलत होते.

नाशिकमधून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. पेठ-कपराड्यावरून पारडीजवळ महामार्गाला लागता येते, किंवा दिंडोरी-वणी-सापुतारा-वांसदामार्गे चिखलीला उतरता येते. दोन्हींत घाट आहेत, म्हणून पहाटे लवकर निघावे, सुरत-भरूच-वडोदरा दुपारपर्यंत मागे टाकावे आणि पहिला मुक्काम अहमदाबादच्या पुढे मेहसाण्याच्या बाजूला करावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या वाहतुकीत अडकायला होत नाही. तेथून पालनपूर, डीसा, धानेरा, सांचोर असे करीत संध्याकाळच्या आत बाडमेरला पोहोचता येते. सांचोरनंतर शेते विरळ होत जातात, बाभळीसारखी दिसणारी झाडे जास्त होतात, आणि त्यांतली बरीचशी झाडे म्हणजे आपली शमी असते. दसऱ्याला जिची आपण पूजा करतो, तीच येथे खेजडी म्हणून शेताशेतात उभी आहे. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, आणि तिच्याबरोबर शिजणारे केर म्हणजे आपल्याकडच्या माळरानावरच्या नेपतीची फळे. धाब्यावर बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी मागावी, पनीर मागू नये.

येथे नाशिककरांसाठी एक खास सूचना द्यावी लागते. यजमानांना भेट म्हणून नाशिकची वाइन न्यावी असे आपल्याला सहज वाटते, पण जाता-येता दोन्ही वेळा गुजरात ओलांडायचा असतो आणि तेथे दारूबंदी आहे, त्यामुळे सीमेवरच्या तपासणीत एक बाटलीही महागात पडू शकते. त्याऐवजी बेदाणे आणि चिवडा न्यावा. बेदाणा टिकतो, सांडत नाही आणि ज्या घरी दिला जातो तेथे दुसऱ्या दिवशी खिरीत दिसतो.

या फेरीला मोठी चारचाकी-ओढीची (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी लागत नाही, कारण सांगितलेल्या सर्व ठिकाणी डांबरी रस्ता जातो आणि साधी छोटी गाडी पुरते. कूलंट, ब्रेक, बॅटरी आणि एसी नाशिकमध्येच तपासून घ्यावे, स्टेपनीतली हवा पाहावी, आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरण्याचा छोटा पंप, पंक्चरचे साहित्य, गाडी ओढायचा दोर, एक फावडे आणि फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी बरोबर ठेवावी. फळी कशाला, असे आम्हीही विचारले होते. वाळूवर जॅक लावला की गाडी वर न येता जॅकच खाली जातो, तेव्हा फळीचा उपयोग कळतो. पिण्याचे पाणी माणशी पाच लिटर, आणि ते रोज भरून घ्यावे.

वाळूत उतरू नये, हा नियम आम्ही जैसलमेरजवळच्या खुहडी गावाच्या अलीकडे एका फोटोसाठी मोडला. रस्त्यापासून चारच पावलांवर पुढची चाके रुतली, चालवणाऱ्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी आणखी खाली बसली. अशा वेळी चाके फिरवणे ताबडतोब थांबवावे, चाकांपुढची वाळू फावड्याने काढावी, टायरमधली हवा साधारण १८ पीएसआयपर्यंत उतरवावी, पायपुसणी किंवा गोणपाट चाकाखाली सरकवावे आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हलक्या पायाने गाडी सरळ बाहेर काढावी, स्टिअरिंग वळवू नये. डांबरावर आल्यावर पंपाने हवा पुन्हा भरल्याशिवाय वेग घेऊ नये. आम्हाला हे सगळे करूनही एका ट्रॅक्टरची मदत लागली आणि ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेण्याऐवजी आम्हालाच चहा पाजला.

बाडमेरला दोन रात्री द्याव्यात. अजरखचे ठसे मारलेली कापडे आणि लाकडावरचे कोरीव काम ही गावाची ओळख, पण त्याहूनही किराडूसाठी हा मुक्काम करावा. सुमारे ३५ किलोमीटरवर ओसाड माळावर पाच मंदिरांचे अवशेष उभे आहेत, त्यांतले सोमेश्वर सर्वांत चांगले टिकले आहे. सिन्नरचे गोंदेश्वर ज्यांनी पाहिले आहे त्यांनी येथे जरूर तुलना करावी. आपला काळा बसाल्ट कोरीव काम पोटात ठेवतो, ते हात फिरवून शोधावे लागते, तर येथला वालुकाश्म सकाळच्या उन्हात प्रत्येक रेघ उघडी करून दाखवतो. सूर्यास्तानंतर तेथे कोणी थांबत नाही, शाप आहे, अशी कथा सांगितली जाते. ती ऐकावी आणि वेळेत परतावे, कारण शाप असो वा नसो, रस्त्यावर अंधारात बसलेल्या गाई आणि मध्येच आडवे येणारे उंट खरे आहेत. या संपूर्ण फेरीत रात्री गाडी चालवू नये.

बाडमेर ते जैसलमेर हे अंतर १५० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि जैसलमेरच्या अलीकडे सुमारे १७ किलोमीटरवर आकल येथे साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडे उघड्यावर पडलेली आहेत. अर्धा तास पुरे. मुक्काम जैसलमेर शहरात न करता खुहडीच्या बाजूला एखाद्या ढाणीत, म्हणजे शेतवस्तीत, करावा. तेथे घरगुती खोल्या मिळतात आणि समसारखा स्पीकर वाजत नाही.

अशाच एका ढाणीत आम्ही टांका, म्हणजे पावसाचे पाणी साठवायचे जमिनीखालचे टाके, पाहिला, आणि पाहताना चूकही केली. अंगणाबाहेर सिमेंटने लिंपलेले मोठे गोल अंगणच म्हणावे असे काही होते, मध्याकडे उतार दिलेले, मध्यभागी लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. आमचे एक मित्र बूट घालून सरळ त्यावरून चालत झाकणापर्यंत गेले. घरातल्या मावशी हातातले पीठ तसेच ठेवून बाहेर आल्या आणि काही न बोलता त्यांच्या पायांकडे पाहत उभ्या राहिल्या. ते अंगण म्हणजे आगोर होता. पावसाचे पाणी त्यावरून घरंगळत टाक्यात जाते, म्हणून तेथे चप्पल घालून कोणी जात नाही, जनावर फिरकू देत नाहीत, आणि पावसाळ्याआधी तो झाडून धुऊन घेतात. मित्रांनी बूट काढले, मावशींनी झाडू आणून पावलांची वाळू स्वतः झाडली, नको म्हणत असतानाही. मग कुलूप उघडून लहान बादलीने पाणी काढले आणि प्रत्येकाला अर्धा पेला दिला. पाणी गार आणि गोड होते, आणि पेला अर्धाच का भरला हे कोणाला विचारावेसे वाटले नाही.

याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १५ मीटर व्यासाच्या आगोरावर वर्षभरात १५० मिलिमीटर पाऊस झाला, तर हिशेबाने सुमारे २६ हजार लिटर पाणी जमते, आणि गळती-वाफ वजा केली तरी दहा हजार लिटरचे दोन टँकर घराच्या दारात भरलेले राहतात. इगतपुरीत ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर हंडे रांगेत असतात, हे तेथे बसून आठवल्याशिवाय राहत नाही.

जैसलमेरच्या परिसरात खडीनही जरूर पाहावे. खडकाळ उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालतात, पावसाचे पाणी त्याच्यामागे साचून जमिनीत मुरते, आणि पाणी उतरले की त्या ओलीवरच गहू-हरभरा पेरतात. बागलाणात मोसम-आरम नद्यांवर शेतांना पाणी देणारे फड पद्धतीचे बंधारे पाहिलेल्या वाचकाला ही युक्ती लगेच समजेल, फक्त आपल्याकडे वाहती नदी असते आणि तेथे नदीच नाही. हे तंत्र पालीवाल ब्राह्मणांनी वाढवले. त्यांनी सोडून दिलेले कुलधरा हे गाव जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. तेथे मार्गदर्शक भुताच्या गोष्टी सांगतात. त्यांना घरांची रचना आणि पाण्याची सोय दाखवायला सांगावे, गोष्टी आपोआप कमी होतात.

जैसलमेरहून रामगड, तनोट आणि लोंगेवाला अशी एका दिवसाची फेरी होते. रामगडलाच इंधनाची टाकी पूर्ण भरावी आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण पुढे मोबाइलचा भरवसा नाही. रामगडच्या बाजूला बेरी पाहायला मिळतात. या अरुंद तोंडाच्या विहिरी असतात आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता त्यांत पाझरते. तनोटमातेचे मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळते आणि १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तेथे ठेवलेले आहेत. लोंगेवालाला डिसेंबर १९७१ च्या लढाईचे स्मारक आहे. प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचे असेल तर परवानगी लागते, सर्वांचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि ड्रोन घरीच ठेवावा.

पोकरण हे नाव आपल्याला १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे माहीत असते. चाचणीची जागा लष्करी क्षेत्रात आहे, ती पाहता येत नाही, आणि त्यासाठी कोणाला विचारतही बसू नये. गाव मात्र पायी फिरण्याजोगे आहे. लाल दगडाचा किल्ला आहे, बाजारात चमचम मिळते आणि कुंभारवाड्यात तांबड्या मातीची भांडी चाकावर होताना दिसतात. पाण्याची सुरई येथून घ्यावी, मात्र ती परतीच्या प्रवासात पायाशी न ठेवता कपड्यांच्या पिशवीत मधोमध ठेवावी. आमची पालनपूरला फुटली.

पोकरणहून सुमारे ६० किलोमीटरवर फलोदी आणि त्याला लागून खिचन. संपूर्ण फेरीत एकच मुक्काम लांबवायचा असेल तर तो येथे लांबवावा. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत मंगोलियाच्या बाजूने आलेले करकोचे, ज्यांना गावकरी कुरजां म्हणतात, हजारोंच्या संख्येने येथे उतरतात आणि गावकऱ्यांनी कुंपण घालून राखलेल्या चुग्गाघरात दाणे टिपतात. उजाडण्याआधी जवळच्या घराच्या गच्चीवर, घरमालकाला विचारून, जाऊन बसावे. आधी आवाज येतो, मग आकाशात रेघा दिसतात, आणि दाणे टाकून झालेल्या अंगणात पक्षी थव्याथव्याने उतरू लागतात. मोठ्याने बोलू नये आणि फ्लॅश वापरू नये. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, खिचनला तो २०२५ मध्ये मिळाला. आपण दुर्बीण घेऊन बंधाऱ्यावर जातो, आणि येथे पक्षी घरांच्या भिंतींपर्यंत आलेले असतात. दुपारी ते गावाबाहेरच्या तळ्यांवर पाणी प्यायला जातात, तेथेही दुरूनच पाहावे.

वागण्याच्या चार गोष्टी सांगायला हव्यात. बोलण्याची सुरुवात ‘राम राम सा’ने करावी, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, पाणी दिले तर घेतलेले सगळे प्यावे, आणि बाटलीतले उरलेले पाणी जमिनीवर न ओतता झाडाला किंवा जनावराला द्यावे.

फलोदीहून ओसियांला आठव्या शतकापासूनची मंदिरे आणि सच्चियाय मातेचे टेकडीवरचे देऊळ पाहून, जोधपूर बाहेरून टाळून, पाली-सिरोही-आबूरोडमार्गे परतावे. हा रस्ता चांगला आणि कंटाळवाणा आहे, त्यामुळे चालक बदलत राहावे. नाशिकला पोहोचल्यावर गाडी धुण्याआधी एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर काढून झटकावे. आमच्या फिल्टरमधून निघालेली वाळू गॅरेजवाल्याने कागदावर जमा करून आम्हाला दाखवली, आणि ती एका चहाच्या कपाएवढी होती.