चेकराइडच्या तोंडी परीक्षेसाठी क्रॉस-कंट्री कशी आखाल?

फ्लाइंग शिकायला आपल्याकडची बरीच मुलं अमेरिकेत जातात. तिथे चेकराइड, म्हणजे प्रायव्हेट पायलटच्या परवान्याची शेवटची परीक्षा, व्हायच्या आधी एक्झामिनर ठिकाण सांगून ठेवतो. तिथवरच्या क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाचा, प्लॅन घेऊन समोर बसायचं आणि त्यावर प्रश्न झेलायचे. बेरीज-वजाबाकी तो फारशी तपासत नाही, ‘असंच का?’ हे मात्र दहादा विचारतो.

समजा, फिनिक्सच्या डीअर व्हॅलीहून प्रेस्कॉट. सेक्शनल चार्टवर (वैमानिकांच्या नकाशावर) आधी सरळ रेघ मारा. अंतर ६० नॉटिकल मैल, ट्रू कोर्स (खऱ्या उत्तरेपासून मोजलेली दिशा) ३४४ अंश. ॲरिझोनात व्हेरिएशन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) साधारण १० अंश पूर्व. पूर्व असेल तर वजा, म्हणून मॅग्नेटिक कोर्स ३३४. आता उंची: जमिनीपासून ३००० फुटांच्या वर, १८० ते ३५९ मॅग्नेटिक कोर्सला सम हजार अधिक ५०० फूट. म्हणजे ६५०० किंवा ८५००.

इथे जरा थांबा. रेघेच्या डावीकडे तीन-साडेतीन मैलांवर ब्रॅडशॉ डोंगरातलं माउंट युनियन आहे, ७९७९ फूट. ६५०० बाद. ८५०० वरही शिखर जेमतेम पाचशे फूट खाली, आणि इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठे? मी रेघ मोडून आय-१७ हायवे धरीन: ब्लॅक कॅन्यन सिटी, कॉर्डेस जंक्शन, मग डावीकडे प्रेस्कॉट. तीन-चार मैल वाढतात, पण चेकपॉइंट ठळक आणि खाली रस्ता. हे कारण तोंडपाठ नको, पटलेलं हवं.

आता वारा. वरच्या वाऱ्याचा अंदाज ट्रू दिशेत असतो, म्हणून तो ट्रू कोर्सलाच लावा, व्हेरिएशन नंतर. हायवेच्या वाटेचा पहिला टप्पा ट्रू कोर्स ३५८, वारा २७० वरून २० नॉट, एअरस्पीड ११० धरला तर नाक १० अंश डावीकडे: ट्रू हेडिंग (नाकाची दिशा) ३४८, मॅग्नेटिक ३३८, ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) साधारण १०७ नॉट. शेवटी विमानातल्या कार्डावरून कंपासचं डेव्हिएशन, म्हणजे विमानातल्या धातू-यंत्रांमुळे येणारी त्याची चूक. ॲपने हे क्षणात होतं, तरी एक टप्पा हाताने करून न्या.

इंधन: दिवसा व्हीएफआरला (बाहेर बघून उडण्याच्या नियमांना) पोहोचून ३० मिनिटांचं उरलं पाहिजे, रात्री ४५. मी तासभराचं धरतो. विमानाच्या एकूण वजनाच्या हिशेबासाठी एक्झामिनरचं वजन आधी विचारून घ्या, लाजू नका. सेसना १७२एसच्या टाक्या भरल्या की वापरता येणारं ५३ गॅलन, म्हणजे ३१८ पौंड, आणि विमानाच्या एकूण वजनाची मर्यादा २५५० पौंड.

डीअर व्हॅलीवर फिनिक्सच्या क्लास बीचं (मोठ्या विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई हद्दीचं, रेडिओवर ‘ब्राव्हो’) छत आहे. कंट्रोलरकडून ‘क्लिअर्ड इनटू ब्राव्हो’ ऐकल्याशिवाय आत चढायचं नाही, हा प्रश्न येतोच.

प्रेस्कॉटचा रनवे ५०४५ फुटांवर. ३५ अंश तापमानात डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा किती विरळ आहे ते सांगणारी उंची) ८६०० फुटांच्या आसपास जातं. परतीच्या टेक-ऑफचं अंतर त्या आकड्याने काढा.

जुलैत दुपारी दोनची वेळ दिली, तर ॲरिझोनातल्या मान्सूनचे गडगडाटी ढग आठवा. ‘दुपारी नाही सर, सकाळी सातला निघेन’ हे पूर्ण मार्कांचं उत्तर आहे.