चवथीच्या सुट्टीआधीची दहा मिनिटं

गोव्यातल्या कॉलेजात नव्यानं शिकवायला लागलेल्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ‘तास चांगला झाला’ म्हणताना शिक्षकाच्या डोळ्यांसमोर पुरा झालेला पोर्शन असतो, मुलांच्या डोळ्यांसमोर आपली वही. दोघंही खरंच बोलतात, मोजतात वेगळं.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणात २१ प्रश्न असतात, पण ते सगळ्या संस्थेबद्दल. तुमच्या तासात नेमकं कुठं अडतं, ते त्यातून कळत नाही. म्हणून मुलांकडून दहा मिनिटांत भरून घ्यायची आपली वेगळी चिठ्ठी तयार करा, आणि तीही चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी; सुधारायला सत्र हातात उरतं.

अर्धा कागद, चार प्रश्न. ‘शिकवणं आवडतं का?’ हा प्रश्न नकोच, त्यात तुमच्या स्वभावालाच गुण मिळतात. डोळ्यांना-कानांना कळणारं विचारा: पाऊस कोसळत असताना शेवटच्या बाकावर ऐकू येतं का? फळ्यावरचं उतरवायला वेळ मिळतो का? प्रश्न विचारल्यावर आम्ही थांबतो का? कुठला भाग डोक्यावरून गेला? तिसरा प्रश्न गाळू नका. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक प्रश्न टाकून जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली.

हाच कागद आधी स्वतः भरून ठेवा. तुमच्या आणि मुलांच्या उत्तरांत जिथं अंतर, तिथं काम.

नाव लिहायला लावू नका. आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षांचे, गुण तुमच्याच हातात असतात आणि अक्षर ओळखू येतं, ही धास्ती खरी आहे. पहिल्या तीन प्रश्नांना नुसती खूण पुरे. कागद वर्गप्रतिनिधीनं गोळा करावेत, तुम्ही बाहेर थांबावं. चौथं उत्तर मराठी, कोंकणी, इंग्रजी, कशातही चालेल असं स्पष्ट सांगा. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकून पाचवीत इंग्रजीत गेलेली मुलं वर्गात भरपूर असतात. नेमकं काय कळलं नाही, हे इंग्रजीत मांडायचं म्हटलं की ती कागद कोराच देतात, आणि आपल्याला वाटतं सगळं समजलंय.

पाच गुणांची पट्टी वापरलीत तर सरासरीवर विसंबू नका. ६० जणांतल्या ३० जणांनी ५ आणि ३० जणांनी १ दिला तरी सरासरी ३ येते. अर्धा वर्ग बुडतोय हे त्यात दिसतच नाही. किती जणांनी कुठला गुण दिला, ते मोजा.

पुढच्याच तासाला काय बदलणार, काय बदलता येणार नाही आणि का, हे वर्गाला सांगा. तेवढं राहिलं, तर पुढच्या खेपेला मुलं प्रश्न न वाचताच खुणा करतात आणि त्या सगळ्या एकाच रांगेत येतात.